मठारलेला कागद

मुलांनो, अशी वही डोळ्यांसमोर आणा, जिच्यातलं चित्र पूर्ण झालं की ते गाऊ लागतं. शर्वाणीच्या वर्गात सगळ्यांकडे तशाच वह्या होत्या.

त्या दिवशी इरावतीच्या चिमण्या इतक्या गोड गायल्या, की सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती जमला. शेजारी बसलेल्या शर्वाणीचा मात्र जळफळाट झाला. तिने मान वळवून वळवून तेच चित्र आपल्या वहीत उतरवलं.

तिच्या कागदातून आवाज आला, "ठण, ठण, ठण!"

"अगं, चिमण्या आहेत की हातोडे?" निनाद ओरडला आणि वर्ग हसला.

भोसेकर सर जवळ आले. "कागद नुसती रेघ वाचत नाही, शर्वाणी. हात किती दाबला तेही वाचतो. एवढा राग कुणाचा आला?"

"सर, तिचंच चित्र का छान गातं?" शर्वाणीचे डोळे भरून आले.

"चिमण्या तिच्या आहेत. ही ठणठण मात्र तुझी आहे, बाळ."

शर्वाणीने रागाने सगळ्या चिमण्या खोडल्या. तरी कागद ठणठणतच राहिला, कारण पेन्सिलीने पडलेले खळगे गेले नव्हते. तिने त्यांवरून बोट फिरवलं. तिचे बाबा तांब्याचे हंडे मठारायचे, तेव्हा हातोडीने ठणठण ठोकत असेच खळगे पाडायचे. त्यानेच हंडा मजबूत होतो, असं ते सांगायचे.

तिने तांबूस खडू घेतला आणि ती त्या खळग्यांभोवती मोठा हंडा काढायला लागली. आता इरावती मान वळवून पाहू लागली. शर्वाणीने झटकन कोपर आडवं धरलं. मग जरा वेळाने, हळूच, काढून घेतलं.