ज्याचा सोमवार

"आजी, तहान लागायची वाट बघायची नाही. सोमवार असो, शिवरात्र असो, दोन-दोन तासांनी पाणी. कबूल?"

कोपरगावच्या डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला होता. लंकाबाईंनी त्यावर हात ठेवून "कबूल" म्हटलं होतं. आज सोमवार उजाडला. ओट्यावर गोळी आणि भरलेला पेला होता, पण समोर नणंद बसली होती.

गेल्या सोमवारी लंकाबाई महादेवाच्या पायरीवर कोसळल्या, म्हणून बनुबाई पहिल्या एसटीनं बघायला आलेल्या. आल्या आल्या त्यांनी छातीच्या दुखण्यानं गेलेले चौघे नावानिशी सांगून टाकले. मग पेल्याकडे बोट केलं.

"वैनी, चौतीस वर्सांचा निरंकार सोमवार! दिवा लागेस्तोवर थेंब न्हाई. अजिनाथ सातव्या महिन्यात झाला, जगंल असं वाटत न्हवतं, तवा धरलेला. आन आता मोडता?"

"ठोके ताल सोडत्यात, वन्स. सुपात पाखडता पाखडता मधीच हात अडावा, तसं हुतं. अंगातलं पाणी आटलं की उठतं. जागरणानं उठतं, कडक चहानं उठतं. डॉक्टरीणबाईनी समदं इचारून घेतलं."

"तिनं धरलाय का कधी उपास?"

तेवढ्यात अजिनाथ आंघोळ करून आला. खांद्यावर ओला पंचा. रुपालीनं नवऱ्यापुढे चहा आणि खारी ठेवली. खारी हातात घेऊन, आईकडे न बघता तो म्हणाला, "आत्या म्हणती ते खोटं न्हाई, आई. या महिन्यात नवा टेम्पो काढतोय मी. नेमकं आत्ताच कशाला सोडती? सांच्यापातुर तर ऱ्हायचं. गोळी सांच्याला घे."

लंकाबाई त्याच्या हातातल्या खारीकडे बघत राहिल्या. वैशाखात खुरपताना जीभ टाळूला चिकटायची. तरी पिंडीवर तांब्याभर पाणी ओतून त्या कोरड्या घशानं घरी यायच्या. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज छातीत भडका उठला, ठोके मात्र एकापाठी एक सरळ पडत होते.

बनुबाईंनीच तोड काढली. "बरं, मग सुनेच्या पदरात घाला. रीतच हाय ती. रुपाली, पदर पसर गं."

रुपालीचा हात पदराकडे गेला. लंकाबाईंनी तो वरच्यावर धरला.

"हिचं लेकरू अजून अंगावर पितंय. हिनं पाण्यावाचून दिवस काढायचे, मग हिच्या सुनंनं?" आवाज रोजच्यासारखाच हळू होता. "सोमवार कुणासाठी धरला, वन्स?"

"अजिनाथसाठी."

"मग त्यालाच देते."

बनुबाई खो खो हसल्या. "अगं बया! बाप्याला पदर असतो व्हय?"

"पंचा हाय की."

हसू जागीच विरलं. लंकाबाईंनी सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली आणि पेला तळापर्यंत रिकामा केला. मग देव्हाऱ्यातला नारळ आणि सुपारी घेऊन त्या लेकापुढे उभ्या राहिल्या.

"पसर."

"दिवसभर, आई? गाडीवर, उन्हात? पाणीबी न्हाई?"

"चौतीस वर्सांत मला कुणी हे इचारलं न्हाई."

अजिनाथनं रुपालीकडे पाहिलं. ती खाली मान घालून लेकराचं टोपडं नीट करत होती. त्यानं खारी परत बशीत ठेवली. खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांनी पसरला. नारळ-सुपारी पडली तसा पंच्याला झोळ पडला. त्यानं तो घट्ट धरला.

नारळ परत देव्हाऱ्यात ठेवून त्यानं तांब्या भरून घेतला आणि अनवाणीच महादेवाच्या वाटेला लागला.

"आरं, चहा निवतोय!" बनुबाई मागून ओरडल्या. त्यानं वळून पाहिलं नाही.

लंकाबाईंनी पेला पुन्हा भरला, वर ताटली झाकली आणि घड्याळाकडे पाहिलं.