नाल्याकाठची मुसळी

चिमूरजवळच्या डोंगरावरच्या कुरणात चितळं वाढली, तशी मुसळीची रानभाजी संपली. गवतातून वर आलेलं रोपटं दुसऱ्या दिवशी उरत नसे. भाजी खुडायला जाणाऱ्या बायांनी तिकडं जाणंच सोडलं. वनस्पतींचा अभ्यास करायला आलेल्या संघप्रियाला मात्र नाल्याकाठच्या एका कोपऱ्यात मुसळी दिसली, दाट आणि पांढऱ्या फुलांनी भरलेली. ज्या घरी ती उतरली होती, तिथल्या शकुबाईला तिने आनंदाने जागा सांगितली.

"बरं झालं पोरी," शकुबाई म्हणाली. "माही लेक मयुरी बाळंतीण होऊन आली आहे. तिले मुसळीची भाजी लय आवडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन शकुबाई निघाली.

दुपारी वनरक्षक धनराज जंगलातल्या कॅमेऱ्याचे फोटो घेऊन डोंगरावरून खाली आला. संघप्रियाने त्याला विचारलं, "धनराजभाऊ, सारं कुरण खाल्लं, मग नाल्याकडची मुसळीच चितळांनी काऊन सोडली?"

"सोडली नाई, ताई. भेवानं तिकडं जातच नाई. वाघीण बसली आहे तिथी, दोन पिल्लं घेऊन. आजच फोटोत दिसली."

दोघं गावकऱ्यांना घेऊन धावले. शकुबाईचा देह नाल्यात सापडला. टोपली काठावर होती, कोवळ्या पाल्याने भरलेली.

अंगणात बाळाला छातीशी धरून मयुरी एकच विचारत होती, "तिकडं तर कोनी जात नाई. आईले कोनं सांगतलं तिथी जायले?"

संघप्रिया पुढे झाली.

"मी," ती म्हणाली.