रश्श्यात गूळ

पहिल्याच घासाला यज्ञेश्वरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला नाक वाहू लागलं. तिसरा घास त्यांनी हातातच धरून ठेवला आणि वरच्या पंख्याकडे असं बघितलं, की जणू सगळा दोष त्याचाच.

"छान आहे," ते म्हणाले.

समोर बसलेली स्पृहा हातातला घास तसाच ठेवून त्यांच्याकडे बघू लागली. बाबा कशालाही छान म्हणत नाहीत. शनिवार पेठेतल्या शाळेत हेडमास्तरकी केलेल्या या माणसाने पोटच्या पोरीचा पहिला नंबर आला तेव्हाही, "बाकीची पोरं आजारी होती का?" एवढंच विचारलं होतं. पण आज येताना गाडीत तिनंच शपथ घातली होती, की बाबा, एकही टोमणा नाही. बिचारे शब्द पाळत होते.

वाघोलीतली ही सावजी खानावळ यमुनाबाईंची. लेकाच्या, म्हणजे अभिनवच्या नोकरीमागे त्या नागपूरहून आल्या आणि इथेच चूल मांडून बसल्या. रविवारची दुपार म्हणजे ऐन धंद्याची वेळ. तरी त्यांनी शटर अर्धं ओढलं होतं, टेबलावर नवं प्लास्टिक अंथरलं होतं. पाहुणे मटण खात नाहीत म्हणून कोरी पातेली काढून त्यात पाटवडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, वर बोटभर लाल तर्री. आज दोन्ही घरांनी एकमेकांना पसंत केलं तर लग्न ठरणार होतं. नाही केलं तर काय, हे स्पृहा आणि अभिनव एकमेकांशीसुद्धा बोलले नव्हते.

"तिखट झालं का जी, सर?" यमुनाबाईंनी विचारलं. त्या अजून बसल्याच नव्हत्या.

"छे, छे. अगदी उत्तम," यज्ञेश्वर रुमालाने डोळे पुसत म्हणाले.

यमुनाबाईंचा चेहरा आणखी उतरला. पुण्याची माणसं तोंडावर बोलतात, असं त्यांनी ऐकलं होतं. मग हे का बोलत नाहीत? खानावळवालीच्या घरी पोरगी द्यायची नसेल, आणि ते कसं सांगावं ते सुचत नसेल. पदराने कपाळ टिपून त्या भाकरी आणायला आत गेल्या.

स्पृहाच्या आईला, पद्मजाताईंना, एवढीच संधी हवी होती. त्यांनी पर्स उघडली. पेठेतल्या बाईच्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात, सुईदोरा असतो, आणि यांच्या पर्समध्ये गुळाची डबीही होती. आमटी असो, उसळ असो की नवऱ्याचा स्वभाव, गुळाच्या खड्याने सुधारत नाही असं काही नसतं, ही त्यांची श्रद्धा. नवऱ्याचे हाल त्यांना बघवेनात. त्यांनी बोराएवढा खडा त्यांच्या वाटीत टाकला आणि चमच्याने दाबून दाबून विरघळवला.

"आई, नको!" स्पृहा कुजबुजली.

पण दारात यमुनाबाई उभ्या होत्या, हातात भाकऱ्यांची चळत घेऊन.

करणारीच्या डोळ्यांदेखत तिच्या रश्श्यात गूळ घालायचा, यापेक्षा तिच्या तोंडावर बोललेलं परवडलं.

"यांना पित्त आहे हो," पद्मजाताई कशाबशा म्हणाल्या. "तुमच्या रश्श्यात काही कमी नाही..."

यमुनाबाईंनी भाकऱ्या टेबलावर ठेवल्या. यज्ञेश्वरांच्या वाटीतला चमचा उचलला, भरून तोंडात घातला, रस्सा जिभेवर घोळवला आणि तोच चमचा वाटीत परत ढवळून बघितला. सकाळपासून पांघरलेला नम्रपणा गळून पडला.

"आमटी झाली जी ही," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीले द्या. रस्सा म्हणून कोणाले देऊ नका, माझं नाव खराब होईल."

"आई!" अभिनव ओरडला. स्पृहाने डोळेच मिटले.

यज्ञेश्वर आधी खोकले. मग खोकता खोकता हसायला लागले, ते थांबेचनात.

"पद्मजा, ऐकलंस? चाळीस वर्षांत मला जे बोलायचं धाडस झालं नाही, ते यांनी एका चमच्यात सांगितलं." मग यमुनाबाईंकडे वळून म्हणाले, "आणि तुमचा रस्सा, बाई! गिऱ्हाइकाला बसवण्याआधी मृत्युपत्र केलंय का, तेवढं विचारत चला."

यमुनाबाईंनी हातातला चमचा त्यांच्यावर रोखला. मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"मग इतकं गोड काहून बोलून राहिले होते, भाऊ? मले वाटलं, तुम्हाले आमचं घरच पसंत नाही. माझा जीव किती घाबरला होता."

"मुलीनं तोंडाला कुलूप घातलं होतं."

हसता हसता यमुनाबाईंचं हातातल्या चमच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पाहुण्याच्या ताटातली वाटी आपण उष्टी केली. तीही पेठेतल्या, सोवळ्यातल्या माणसाची. "अगं माय! चुकलं जी माझं. द्या इकडं, दुसरी भरून आणते." त्यांनी घाईघाईने हात पुढे केला.

यज्ञेश्वरांनी वाटीवर आपला तळवा ठेवला.

"राहू द्या, विहीणबाई. बसा आता, जेवा आमच्याबरोबर."

आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी त्याच वाटीत बुडवला.

स्पृहा रडू लागली होती. पद्मजाताईंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "ठरलं गं तुझं. माझं उष्टं यांनी आमच्या लग्नातसुद्धा खाल्लं नव्हतं."