नाव नसलेला निरोप

मुंजाजी वसमतच्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची वेबसाइट सांभाळायचा. लोक तिथं नाव न सांगता लिहीत आणि तो उत्तरं देई. चार वर्षं सुटलेली त्याची स्वतःची दारू महिन्यापूर्वी पुन्हा सुरू झाली होती. गटात मात्र त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज एक निरोप आला. "मालक चोरून पिऊन राहिलेत. त्यांना विचारू कसं?" खाली नाव नव्हतं, पण उत्तरासाठी दिलेला फोन नंबर रागिणीचा, त्याच्या बायकोचा होता.

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मान वर होईना.

"वाचलं," एवढंच म्हणाला.

रागिणीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तिथं तुमीच वाचता, ठाऊक व्हतं मला. तोंडावर विचारलं असतं, तर तुमी न्हाई म्हणाले असते. अजून एक खोटं माझ्याच्यानं ऐकवलं नसतं."