रान बघायला

न्यूझीलंडच्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. आई म्हणायची, पगार चांगलाय, पण आजारी पडलीस तर उशाशी कोण बसंल? भाऊ म्हणायचा, मग जन्मभर उमरग्यातच सलाइन लावणार? वडील, म्हणजे अण्णा, मात्र दिवसभर मेंढरं घेऊन रानात. शेवटी मीच अण्णांना मोबाइलवर तिथला फोटो दाखवला. हिरव्या डोंगरावर मेंढरंच मेंढरं. अण्णांनी तो बोटांनी मोठा केला. "राखायला कोण?" "कुणीच न्हाय, कुंपण हाय." "अन् लांडगा?" "तिकडं लांडगाच न्हाय." अण्णांना ते पटलं नाही. "आपण न बघता कळप हलवत न्हाय. आधी जाणतं माणूस जाऊन रान बघून येतं." मी नकार समजून झोपले. सकाळी अण्णा धुतलेला फेटा बांधून दारात उभे. "चल, पासपोर्ट काढू." "माझा हाय की, अण्णा." "तुझा न्हाय, माझा."