व्हरांड्यातून सामना

टीव्ही मानासेचा होता, त्याच्याच मुलानं ऑकलंडहून पाठवलेला, आणि मानासे बाहेर व्हरांड्यात बसला होता. आत त्याची थोरली बहीण लुसियाने सामना बघायला आली होती. टोंगात बहीणभाऊ एका टीव्हीसमोर बसत नाहीत. बहीण आली की भावानं उठायचं, मग घर कुणाचंही असो.

रग्बी लीगचा सामना, टोंगा विरुद्ध न्यूझीलंड. गावभर लाल झेंडे, मानासेच्या अंगातही लाल सदरा. त्याचा मुलगा सेमिसी मात्र मैदानात न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीत होता. बारा वर्षं तिकडे राहिला, तिकडच्यांनी निवडलं, तो हो म्हणाला.

"मेले, काय चाललंय?" मानासेनं खिडकीतून बायकोला नावानं हाक मारून विचारलं.

"आपण चार गुणांनी पुढे."

"आपण म्हणजे कोण?"

"टोंगा. डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

ते ठिकाणावर नव्हतंच. मंगळवारी सेमिसीचा फोन आला होता. "बाबा, मानेचा मणका सरकलाय. संघाबाहेरच्या डॉक्टरला दाखवलं. परत तिथंच मार बसला तर खेळ संपला म्हणतो, कदाचित चालणंसुद्धा. संघात कुणाला माहीत नाही. आईला बोलू नका." मानासेनं शब्द दिला.

आत एकदम गलका झाला.

"हाणा त्याला," लुसियानेचा आवाज सगळ्यांच्या वर आला. "आत्यानं सांगितलंय म्हणावं. मोठा आला काळा सदरा घालणारा."

घर खदाखदा हसलं. याच आत्यानं सेमिसीला लहानपणी खांद्यावरून खाली ठेवलं नव्हतं, म्हणून तर ती एवढं बोलू शकत होती. मानासेला वाटलं, ओरडून सांगावं, त्याच्या अंगाला हात लावू नका. पण बहिणीवर आवाज चढवायचा नाही आणि मुलाला दिलेला शब्द मोडायचा नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो अंगणातली डुकरं बघत बसला.

"आला, आला, धरला," आत कुणीतरी ओरडलं. "पाडला."

टाळ्या झाल्या. मग त्या मध्येच थांबल्या. आता टीव्हीतला माणूस तेवढा बोलत होता, तोही हळू आवाजात.

"मेले?"

तो खिडकीकडे सरकला.

"कोण पडलं? मेले, सांग ना."

तो उठून उंबऱ्यापाशी गेला. मध्ये एक पडदा होता. हात घातला असता तर बाजूला झाला असता. आयुष्यात त्यानं असं कधी केलं नव्हतं, आताही त्याच्यानं झालं नाही.

पडदा आतूनच सरकला. लुसियाने बाहेर आली. त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरली आणि मानाची म्हणून कमरेला नेसलेल्या चांगल्या चटईसकट खाली मातीत बसली. घराण्यात तिच्यापेक्षा वर कुणी बसत नसे.

"आत जा, मानासे," ती म्हणाली. "आता तू बघ."

मानासेनं चौकट घट्ट धरली.

"आक्का, तुम्हीच बसा ना आत," तो म्हणाला. "तुम्हीच बघा."