पूजेतला कॉम्प्युटर

नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. निम्मा भरून मी चहा आणायला गेले, तेवढ्यात आजीनं चालू कॉम्प्युटरवर जरीकाठी मुंडू, म्हणजे आमच्याकडचं पांढरं धोतर, टाकून चंदनाचं बोट लावलं! माझी पुस्तकं, पेनं आधीच देवीपुढे गेली होती. “अम्मम्मा, काढ ते!” “अष्टमीला पूजेत ठेवलेलं विजयादशमीपर्यंत हलवायचं नसतं. तोवर लिहायचं नाही, वाचायचं नाही.” “माझं वर्ष गेलं तर देवी देणारे भरून?” “तोंड आवर.” इतक्यात मुंडूखालून घंटी वाजली. दोहाहून मामाचा व्हिडिओ कॉल. आजीनं झटक्यात मुंडू ओढला, कॉल घेतला आणि लेकाशी गप्पांत रंगली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आता कुठे गेली पूजा?” “बोलायला थोडीच बंदी आहे?” मी तिला सरकवून पडद्यासमोर बसले. “मामा, तुझ्या कॉम्प्युटरवर माझा अर्ज उघड. मी नुसती बोलते, तू लिही.”